शिबिर संपलं, फॉर्म भरले. मुलं सुधारली का?

मे महिन्यात लोणारला घरी गेले की दोन गोष्टी ठरलेल्या असतात. एक म्हणजे धारेवर जाऊन सरोवराचं पाणी किती खाली गेलंय ते बघून येणं. दुसरी म्हणजे कुणीतरी विचारणं, "काय गं, तुझी पीएच.डी. संपली का नाही अजून?" यंदा तिसरीही गोष्ट घडली. शाळेत मला गणित शिकवणारे सर, आता निवृत्त, घरी आले. हातात कापडी पिशवी आणि पिशवीत सुतळीने बांधलेले फॉर्मचे दोन गठ्ठे.

सर आणि त्यांचे काही सहकारी दर उन्हाळ्यात मुलांचं संस्कार शिबिर घेतात. आठ दिवस, पाचवी ते आठवीची मुलं. पहाटे उठणं, सूर्यनमस्कार, प्रार्थना, श्रमदान, खेळ, रात्री गच्चीवर गोष्टी. शेवटच्या दिवशी पालकांसमोर समारोप आणि 'आदर्श शिबिरार्थी' पुरस्कार. यंदा त्यांनी पहिल्या आणि शेवटच्या दिवशी मुलांकडून एक प्रश्नावली भरून घेतली होती. "मी नेहमी खरे बोलतो", "मी इतरांना मदत करतो", "मी मोठ्यांचा आदर करतो" अशी विधानं, आणि उत्तरं 'कधीच नाही' पासून 'नेहमी' पर्यंत. शेवटच्या दिवसाचे गुण पहिल्या दिवसापेक्षा चांगलेच वाढले होते.

"तू फक्त आकडेमोड करून दे," सर म्हणाले. "एक शोधनिबंध होऊन जाईल. तुझं नाव पहिलं टाकू. तो दाखवला की तालुक्यातल्या सगळ्या शाळांत शिबिर नेता येईल."

खरं सांगते, मोह झाला. प्रबंध जमा करायच्या आधी नावावर एखादा शोधनिबंध वाढला तर कुणाला नको असतो? एक्सेलमध्ये गुण भरायचे, पेअर्ड टी-टेस्ट लावायची, पी-व्हॅल्यू सुंदर येणार. हे गठ्ठा न उघडताही सांगता आलं असतं. आणि गठ्ठा न उघडताच निकाल सांगता येत असेल, तर त्या प्रयोगातून आपण नक्की काय शिकलो?

मी तो शोधनिबंध लिहिला नाही. का नाही, ते या लेखात. माझा विषय सूक्ष्मजीवशास्त्र, मुलांचं चारित्र्य नाही. पण पेट, सेट, नेटच्या संशोधन पद्धतीच्या पेपरसाठी आपण जे घोकतो, ते सगळं या दोन गठ्ठ्यांत होतं. म्हणून हे तुमच्यासाठी.

निगेटिव्ह कंट्रोल कुठे आहे?

लॅबमध्ये पहिल्याच आठवड्यात शिकवतात: नमुना टाकलेल्या प्लेटशेजारी एक प्लेट नमुना न टाकता ठेवायची. त्या रिकाम्या प्लेटवरही वसाहती उगवल्या तर दोष नमुन्यात नाही, तुमच्या हातात किंवा माध्यमात आहे. शिबिराच्या अभ्यासात ही रिकामी प्लेट म्हणजे शिबिराला न आलेली, पण तोच फॉर्म दोनदा भरणारी मुलं. ती नव्हती.

लोणारकरांना हे सांगायला वेगळं उदाहरण नको. जून 2020 मध्ये सरोवर गुलाबी झालं तेव्हा गावात जितकी तोंडं तितकी कारणं होती. लॉकडाऊन, ग्रहण, देवीचा कोप. सगळी कारणं 'त्याच वेळी' घडलेल्या गोष्टींवर उभी होती. शेवटी पाण्याचे नमुने तपासले गेले आणि उत्तर मिळालं: पाणी आटून क्षारता वाढली, त्यामुळे खारट पाण्यात वाढणारे रंगद्रव्य बनवणारे सूक्ष्मजीव वाढले. एखादी गोष्ट दुसरीनंतर घडली म्हणून ती दुसरीमुळे घडली असं होत नाही. हे वाक्य आपण सगळे परीक्षेत लिहितो आणि निकाल आपल्याला आवडणारा असला की विसरतो.

मग शिबिर न करताही, किंवा मुलं तसूभर न बदलताही, ते गुण कशामुळे वाढू शकतात?

पहिलं कारण, उत्तर पाठ होतं. आठ दिवस सकाळ-संध्याकाळ "खरं बोलावं" ऐकलेल्या मुलाला फॉर्मवर कुठे टिक करायची ते कळणारच. आपण मोजलं ते त्याचं ज्ञान.

दुसरं, फॉर्मवर नाव होतं. समोर दादा उभा, तासाभराने पुरस्कार जाहीर होणार. अशा वेळी "मी कधी कधी खोटं बोलतो" असं कोण लिहील? याला पाठ्यपुस्तकात समाजमान्य उत्तर देण्याचा कल म्हणतात.

तिसरं कारण जरा सूक्ष्म आहे. काही पालक मूल अगदीच हाताबाहेर गेल्यासारखं वाटलं की शिबिरात धाडतात. वाईटातल्या वाईट आठवड्यानंतरचा आठवडा बहुधा जरा बराच असतो, औषध घ्या किंवा न घ्या. सरासरीकडे परतणं म्हणतात ते हेच. तापाच्या तिसऱ्या दिवशी अंगारा लावला आणि चौथ्या दिवशी ताप उतरला, त्यातलाच प्रकार.

आणि चौथं कारण मला एका फॉर्मने शिकवलं.

लाल गोलातला फॉर्म

गठ्ठा चाळताना एका फॉर्मवर लाल पेनाने गोल केलेला दिसला. सहावीचं मूल. पहिल्या दिवशी जवळजवळ सगळीकडे 'नेहमी'. शेवटच्या दिवशी पाच-सहा ठिकाणी 'कधी कधी'. गुण कमी झाले, म्हणून सरांनी खूण केली होती आणि शेजारी लिहिलं होतं, "घसरण". पानाच्या कडेला त्या मुलाने पेन्सिलने एक ओळ लिहिली होती: पहिल्या दिवशी मी खोटे लिहिले होते.

मी तो फॉर्म बराच वेळ हातात धरून बसले.

आठ दिवसांत कुणा एका मुलावर शिबिराचा खरोखर परिणाम झाला असेल, तर तो याच्यावर. खरं बोलणं म्हणजे काय ते त्याला कळलं, त्या कसोटीवर त्याने स्वतःला पुन्हा तपासलं आणि आधीचं उत्तर खोटं होतं हे नावानिशी लिहून दिलं. आमच्या मोजपट्टीने त्याला 'घसरण' म्हटलं. मोजपट्टी बदलली नव्हती, पण मुलाच्या मनातला 'नेहमी' या शब्दाचा अर्थ बदलला होता. आधी-नंतरच्या स्वयंमूल्यमापनात ही अडचण कायम असते. प्रशिक्षणाने माणसाला स्वतःच्या उणिवा दिसू लागल्या तर त्याचे गुण खाली येतात, म्हणजे खरी सुधारणा आकड्यात अधोगती म्हणून उमटते.

या प्रश्नावलीत पूर्ण गुण मिळवायचे दोन मार्ग आहेत. संत असणं, किंवा खोटं बोलणं. अकरा वर्षांच्या वयात दुसरा सोपा.

जुना प्रश्न, जुनं उत्तर

चारित्र्य कागदावर विचारून कळत नाही, ही शंका नवी नाही. अमेरिकेत ह्यू हार्टशोर्न आणि मार्क मे या दोघांनी 1920 च्या दशकात हजारो शाळकरी मुलांवर अभ्यास केला. 1928 ते 1930 या काळात त्याचे तीन खंड निघाले. त्यांनी मुलांना "तू प्रामाणिक आहेस का" असं विचारलं नाही, प्रामाणिकपणाची संधी दिली. चाचणीचा पेपर गोळा करून गुपचूप त्याची नक्कल ठेवायची, दुसऱ्या दिवशी तोच पेपर मुलाला स्वतः तपासायला द्यायचा आणि किती उत्तरं बदलली ते पाहायचं. कधी पैसे हाताळायला द्यायचे, कधी खेळात लबाडीला वाव ठेवायचा.

निष्कर्ष शिबिरवाल्यांना आणि पालकांना दोघांनाही बोचणारा होता. गणिताच्या पेपरात कॉपी करणारं मूल खेळात लबाडी करेलच असं नव्हतं, आणि पैशाला हात न लावणारं मूल पेपरात प्रामाणिक राहीलच असंही नव्हतं. वेगवेगळ्या प्रसंगांतल्या वागण्यातला सहसंबंध फारच कमी होता. चारित्र्य घडवण्याचा दावा करणाऱ्या संस्थांत जाणारी मुलंही या कसोट्यांत सातत्याने सरस ठरली नाहीत.

इथे थांबून समीक्षकाचं काम करू. "म्हणजे चारित्र्य नावाची गोष्टच नाही" असा अर्थ यातून बरेच जण काढतात. तो घाईचा आहे. एका प्रसंगावरून दुसरा प्रसंग सांगता येत नाही हे खरं; पण अनेक प्रसंगांची बेरीज केली की माणसामाणसांतला फरक स्पष्ट होतो, हे नंतर त्याच आकडेवारीच्या फेरतपासणीतून मांडलं गेलं. एका दिवसाच्या तापमानावरून हवामान कळत नाही, तीस वर्षांच्या नोंदीतून कळतं, तसंच. आणि मुलांना नकळत सापळ्यात टाकणाऱ्या त्या युक्त्या आज कुठलीही नैतिकता समिती सहज मंजूर करणार नाही. म्हणजे निष्कर्ष घ्यायचा, पद्धत जशीच्या तशी नाही.

शिबिराने नुकसान होऊ शकतं का?

"समजा काही फायदा नाही झाला, पण तोटा तरी काय?" हा सरांचा पुढचा प्रश्न होता. बहुतेकांचा असतो. याच्या उत्तरासाठी संशोधन करू पाहणाऱ्या प्रत्येकाने केंब्रिज-सोमरव्हिल अभ्यास वाचायला हवा.

रिचर्ड क्लार्क कॅबट या डॉक्टरच्या कल्पनेतून अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये हा प्रकल्प उभा राहिला. गरीब वस्त्यांतली 506 मुलं, सारख्यासारख्यांच्या जोड्या लावलेली. प्रत्येक जोडीत नाणं उडवून एकाला कार्यक्रमात घेतलं, दुसऱ्याला नाही. 1939 ते 1945 पर्यंत कार्यक्रमातल्या मुलांच्या घरी समुपदेशक जायचे, अभ्यासात मदत व्हायची, दवाखान्याची सोय व्हायची आणि अनेकांना उन्हाळी शिबिरात पाठवलं जायचं. कुणाचाही हेतू वाईट नव्हता. पैसा, माणसं, वेळ, सगळं होतं.

तीस वर्षांनी जोन मॅकॉर्ड यांनी ही मुलं, म्हणजे आता मध्यमवयीन झालेले पुरुष, शोधून काढले. 1978 मध्ये निष्कर्ष छापला. मदत मिळालेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोकांनी सांगितलं, "आम्हाला फायदा झाला." काहींनी तर तो कार्यक्रम नसता तर आपण वाया गेलो असतो, अशी भावना व्यक्त केली. पण नोंदी वेगळंच सांगत होत्या. एकापेक्षा जास्त गुन्हे, दारूचं व्यसन, गंभीर मानसिक आजार, लवकर मृत्यू, अशा गोष्टींत मदत मिळालेला गट मदत न मिळालेल्यांपेक्षा वाईट ठरला.

1999 मध्ये थॉमस डिशियन, मॅकॉर्ड आणि फ्रान्सुआ पूलँ यांनी त्याच नोंदी पुन्हा तपासल्या. हा वाईट परिणाम मुख्यतः कुठे साठला होता? एकापेक्षा जास्त वेळा उन्हाळी शिबिराला गेलेल्या मुलांमध्ये. त्यांनी सुचवलेलं कारण साधं आहे. मोठ्यांची नजर नसताना मुलं एकमेकांना आपल्या उचापतींच्या गोष्टी सांगतात, बाकीचे हसतात, आणि त्या हशातून जे शिक्षण होतं ते दिवसभराच्या व्याख्यानापेक्षा जास्त टिकतं.

याचा अर्थ लोणारचं शिबिर मुलांना बिघडवतंय असा नाही. तो काळ वेगळा, देश वेगळा, मुलंही वेगळ्या परिस्थितीतली. पण दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. एक, चांगल्या हेतूचा कार्यक्रमही नुकसान करू शकतो, म्हणून 'तोटा तरी काय' हे गृहीत धरता येत नाही. दुसरी, "तुम्हाला फायदा झाला का?" हा प्रश्न त्या दोन तृतीयांश लोकांना विचारून अभ्यास तिथेच संपवला असता, तर तो कार्यक्रम आजही आदर्श म्हणून शिकवला गेला असता. नाणं उडवून निवडलेला दुसरा गट होता म्हणून चूक दिसली. तीस वर्षं जपून ठेवलेली ती निगेटिव्ह कंट्रोलची प्लेट.

अमेरिकन शिक्षण खात्याच्या संशोधन विभागाने 2010 मध्ये शाळांतल्या सात चारित्र्य-विकास कार्यक्रमांचं असंच मूल्यमापन प्रसिद्ध केलं. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या शाळा, तिसरी ते पाचवी अशी तीन वर्षं. एकत्रित पाहता सुधारणा आढळली नाही.

मग गोष्टी सांगायच्या की नाही?

आपल्याकडे शिबिरांची परंपरा मोठी आहे. 1941 पासूनचं राष्ट्र सेवा दल, 1962 पासूनची ज्ञान प्रबोधिनी, बाबा आमटे यांनी सोमनाथला सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी. शाळांपुरतं बोलायचं तर 2009 मध्ये बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत सुरू झालेला आणि पुढे राज्यभर गेलेला 'मूल्यवर्धन' कार्यक्रम. या सगळ्यांत गोष्ट हे जुनं हत्यार. साने गुरुजींची 'श्यामची आई' तर मुळातच रात्री सांगितलेल्या गोष्टींच्या रूपात बांधलेली आहे. कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली ज्यूंनीसुद्धा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या धर्मग्रंथातल्या कथा सांगायला कीर्तन हाच प्रकार उचलला.

पण कुठली गोष्ट? कांग ली आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये तीन ते सात वर्षांच्या मुलांवर एक छान प्रयोग छापला. मुलांना खेळणं चोरून बघण्याचा मोह होईल अशी वेळ आणायची, मग गोष्ट सांगायची, मग विचारायचं, "बघितलंस का?" 'लांडगा आला रे आला' आणि लाकडी पिनोकिओ या गोष्टींनी, म्हणजे खोटं बोललं की शिक्षा होते हे सांगणाऱ्यांनी, काही फरक पडला नाही. जॉर्ज वॉशिंग्टनने झाड तोडल्याचं कबूल केलं आणि वडिलांनी कौतुक केलं, या गोष्टीने खरं सांगणाऱ्यांचं प्रमाण वाढलं. त्याच गोष्टीचा शेवट बदलून नकारात्मक केला की परिणाम गायब. आमच्या शिबिराच्या वेळापत्रकात दुसऱ्याच रात्री 'लांडगा आला रे आला' होती.

दुसरा प्रयोग कचऱ्याचा. मिलर, ब्रिकमन आणि बोलेन, 1975, शिकागोतले पाचवीचे वर्ग. एका वर्गाला स्वच्छतेची भाषणं. दुसऱ्या वर्गाला रोज निरनिराळ्या निमित्ताने एवढंच, "तुम्ही नीटनेटकी मुलं आहात." तिसऱ्याला काही नाही. मुलांनी कचरा कुठे टाकला ते मोजलं. भाषणांचा परिणाम थोडा आणि तात्पुरता. "तुम्ही आहातच तसे" याचा जास्त आणि टिकणारा. निष्कर्ष मोहक आहे, पण पेन्सिल हातात घेऊन वाचा. प्रत्येक प्रकाराला एकच वर्ग. मग फरक वाक्याचा की त्या वर्गाच्या शिक्षिकेचा? हा आक्षेप न घेता हा अभ्यास उद्धृत करणारे चिकार आहेत.

तिसरं, बक्षीस. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी 1973 मध्ये दाखवलं की ज्या लहान मुलांना चित्रं काढायला आधीच आवडत होतं, त्यांना "चित्र काढलंस तर पुरस्कार मिळेल" असं सांगितलं की पुढे बक्षीस नसताना ती चित्रांपाशी जवळपास निम्माच वेळ रमली. वॉर्नेकेन आणि टोमासेलो यांनी 2008 मध्ये वीस महिन्यांच्या बाळांतही हेच पाहिलं. मदत केल्यावर खेळणं मिळालेली बाळं पुढे कमी मदत करू लागली.

इथे मला माझी गोष्ट सांगायला हवी. सातवीत मी अशाच एका शिबिरात 'आदर्श शिबिरार्थी' झाले होते. रोज एक सत्कृत्य वहीत लिहायचं आणि शेवटी वही तपासून पुरस्कार. पहिले दोन दिवस मी खरी लिहिली. तिसऱ्या दिवशी शेजारणीची तीन झालेली पाहिली. त्यानंतर मी एका म्हाताऱ्या आजींना रस्ता ओलांडायला मदत केली, कुत्र्याच्या पिल्लाला पाणी पाजलं, हरवलेलं पाकीट परत केलं. सगळं वहीतच. ते प्रशस्तिपत्रक आईने अजून फ्रेम करून ठेवलंय. मूल्यमापन-शास्त्रात डोनाल्ड कॅम्पबेल यांच्या नावाने एक नियम सांगतात: एखाद्या आकड्यावर निर्णय अवलंबून राहू लागला की तो आकडा आणि तो जे मोजतो ते, दोन्ही नासायला लागतात. मी तो नियम बारा वर्षांची असताना सिद्ध केला होता.

शिबिरवाल्यांची बाजू

टीका करताना समोरच्याची सर्वांत मजबूत बाजू मांडायची, नाहीतर ती टीका नसते, टिंगल असते. सरांची बाजू अशी. आठ दिवस मुलं मोबाइलपासून लांब, मैदानात, वेगवेगळ्या वाड्यांतली एका पंगतीत जेवतात. हे स्वतःच चांगलं आहे, त्याला पी-व्हॅल्यू लागत नाही. बरोबर. मुलं मजेत राहिली, नवे मित्र मिळाले, एवढंच सांगायचं असेल तर संशोधनाची गरज नाही. पण "आमच्या शिबिराने चारित्र्य सुधारतं, म्हणून ते सगळ्या शाळांत लावा" म्हटलं की पुरावा मागणं हा अपमान नाही.

अमेरिकेतल्या ज्यू समाजाची उन्हाळी शिबिरं हे याचं चांगलं उदाहरण. 'मेन्श' म्हणजे भला माणूस घडवायचा, हे तिथलं आवडतं वाक्य. ब्रँडाइस विद्यापीठातल्या ॲमी सेल्स आणि लेनर्ड सॅक्स यांनी अशा शिबिरांत जाऊन निरीक्षण केलं. 2004 मध्ये त्यांचं पुस्तक आलं. मला त्यातली एक दृष्टी महत्त्वाची वाटते. शिबिरातले तरुण ताई-दादा हे शिकवणारे तर असतातच, पण शिबिराचा खरा परिणाम बघायचा तर त्यांच्याकडेही शिकणारे म्हणून बघायला हवं. आमच्या प्रश्नावलीत ताई-दादांचं नावही नव्हतं. मुलं मात्र दिवसभर त्यांनाच बघत होती: कोण उरलेलं जेवण टाकतं, कोण चुकल्यावर "माझं चुकलं" म्हणतं.

ज्यांच्या नावाचं आमचं विद्यापीठ आहे ते गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा घेऊन गाव झाडायचे, कीर्तन रात्री. क्रम बघा. आमच्या शिबिरात क्रम उलटा होता आणि खराटा फक्त मुलांच्या हातात होता.

मी सरांना काय सुचवलं

शिबिराला जागांपेक्षा अर्ज जास्त येतात. आतापर्यंत ओळखीवर प्रवेश व्हायचा. त्याऐवजी चिठ्ठ्या टाका. निम्मी मुलं मे मध्ये, उरलेली दिवाळीच्या सुट्टीत. कुणावर अन्याय नाही आणि तुलनेचा गट आपोआप तयार.

दिवाळीचं शिबिर सुरू व्हायच्या आधी दोन्ही गटांतल्या मुलांना पाच-पाचच्या टोळ्यांत सरोवराच्या काठावर फिरायला न्या. प्रत्येकाला कागदात गुंडाळलेली गोळी द्या. परत आल्यावर मोजा: किती कागद खिशात, किती वाटेवर. सरोवर 2020 पासून रामसर स्थळ आहे, अभयारण्य आहे, तरी वाटेवर प्लास्टिक दिसतंच. तेव्हा हे मोजमाप पुस्तकी नाही. मोजणाऱ्याला कुठली टोळी कुठल्या गटाची ते माहीत नको. मुलांची नावं लिहायची नाहीत, फक्त टोळीची बेरीज. पालकांची संमती आधी घ्यायची आणि शेवटी मुलांना सगळं सांगायचं.

यातही खोट आहे, ती आधीच लिहून ठेवायची. टोळीत एकाने कागद खिशात ठेवला की बाकीचे ठेवतात, म्हणून चाळीस मुलं म्हणजे चाळीस स्वतंत्र निरीक्षणं नव्हेत, टोळ्या आठच. इतक्या नमुन्यात फार मोठाच फरक दिसेल, लहान असला तर निसटेल. आणि कागद खिशात ठेवणं म्हणजे चारित्र्य नव्हे, त्याचा एक कोपरा. पण तो कोपरा तरी खरा आहे.

सर ऐकत होते. मग म्हणाले, "आणि फरक नाही निघाला तर?"

"तर तेच छापायचं, सर."

"मग शाळांत कसं नेणार?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. चहा झाला. उठताना त्यांनी गठ्ठे पुन्हा सुतळीने बांधले, आणि मी लाल गोलाचा तो फॉर्म त्यांच्यापुढे धरला. पेन्सिलची ओळ त्यांनी आधी वाचलीच नव्हती. आकडा बघून गोल केला होता. चष्मा लावून त्यांनी ती वाचली. खिशातून पेन काढलं, 'घसरण' खोडलं. त्याजागी काय लिहावं ते त्यांना सुचलं नाही. जागा तशीच कोरी ठेवून त्यांनी फॉर्म गठ्ठ्यात सरकवला आणि म्हणाले, "दिवाळीच्या चिठ्ठ्यांचं बघू."

सरावासाठी: तुमच्या जिल्ह्यातल्या कुठल्याही प्रशिक्षणाचा, कार्यशाळेचा किंवा शिबिराचा "इतके टक्के सुधारणा" सांगणारा अहवाल घ्या आणि चार प्रश्न विचारा. तुलनेचा गट होता का? तो कसा निवडला? मोजलं ते वागणं की बोलणं? आणि गुण कमी झालेल्यांचं काय केलं? चौथा प्रश्न पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. तो मला एका सहावीच्या मुलाने शिकवला.